खाणवाल्यांची भाषा

मी शाळेत होते तेव्हा दुपारी टीव्हीवर एक परदेशी ॲनिमेशन मालिका हिंदीत लागायची. पृथ्वीपासून फार लांब, एका दगडी ग्रहाभोवती फिरणारं अंतराळस्थानक. वरच्या काचेच्या मजल्यांवर कप्तान, डॉक्टर, शास्त्रज्ञ. खाली ग्रहाच्या पोटात खाणवाले, जे धातू खणून वर पाठवायचे. आणि या दोन्हीत ये-जा करणारी एक तरुण पायलट, सावळी, जाड वेणीची. जन्मानं ती खाणवाल्यांची, पण जहाज वरच्यांचं चालवायची. मला ती इतकी आवडायची की तशीच वेणी घालून दे म्हणून मी रोज सकाळी आईच्या मागे लागायचे.

हिंदी डबिंगमध्ये वरची माणसं बातम्या वाचणाऱ्यांसारखी स्वच्छ हिंदी बोलायची. पायलटही तशीच. खाणवाले मात्र भलतंच काही बोलायचे. थोडं छत्तीसगढी, थोडं आमच्या घरातलं, थोडं कुठलंच नाही असं. एक जण "का" ऐवजी "काबर" म्हणायचा, दुसरा "बाप्पा" म्हणायचा, आणि प्रत्येक वाक्यामागे टुण्णकन एक आवाज यायचा, म्हणजे इथं हसायचं. सगळे हसायचे. मीही हसायचे, कारण ते लांब कुठे तरी, दुसऱ्या ग्रहावर चाललं होतं.

आम्ही छत्तीसगढात, भिलाईजवळच्या चरोद्याला रेल्वे कॉलनीत राहायचो. बाबा यार्डात गाड्यांचे डबे जोडण्या-सोडवण्याच्या, म्हणजे शंटिंगच्या कामावर. आई-बाबा दोघंही नागपूरकडचे. घरात मराठी आणि उंबरा ओलांडला की हिंदी, हा आमच्या कॉलनीतल्या बहुतेक घरांचा रिवाज होता, कुणी शिकवावा लागला नाही. एकदा मी डबा विसरले म्हणून आई शाळेच्या फाटकाशी आली आणि सवयीनं ओरडली, "अवं, डबा कावून नाही नेला? उपाशी राहतं का दिवसभर?"

बस. त्या दिवसापासून मी वर्गात "खदानवाली" झाले. मुली मागून "कावून, कावून" करत टुण्ण असा आवाज काढायच्या. त्यातल्या एकीची वेणी मी प्रार्थनेच्या रांगेत अशी ओढली की बाईंनी मला मैदानात उभं केलं. त्याचा पश्चात्ताप मला तेव्हा झाला नाही, आजही नाही. पण आईनं ते चिडवणं फाटकाशी उभं राहून ऐकलं होतं. त्यानंतर ती शाळेत आली की कमी बोलायची, आणि जे बोलायची ते हिंदीत, शब्द निवडून निवडून, जणू तांदळातले खडे वेचते आहे.

वर्षं गेली. मी भिलाईत पावर हाउसच्या बाजारात एका फ्लेक्सच्या दुकानात डिझाइनचं काम करायला लागले. वाढदिवसाचे, निवडणुकीचे, श्रद्धांजलीचे बॅनर. दुपारी गिऱ्हाईक कमी असायचं. अशाच एका दुपारी फोनवर मला ती जुनी मालिका मूळ इंग्रजीत सापडली, खाली अक्षरांत संवाद. गंमत म्हणून लावली आणि हातातला चहा गार झाला.

मूळ मालिकेत खाणवाले वेगळं काही बोलतच नव्हते. कप्तान जसा बोलतो तसेच बोलत होते. टुण्ण आवाज नव्हता. एक प्रसंग तर मला लहानपणापासून पाठ होता: खाणवाल्यांची म्हातारी मुखिया, पायलटची आजी, एका दगडावर चढून काही तरी बडबडते, हेल काढते, आणि सगळे खाणवाले टोप्या काढतात. हिंदीत तो सगळ्यात मोठा विनोद होता. तिची नक्कल आमच्या वर्गात पोरं करायची. मूळ मालिकेत तो अंत्यविधी होता. खाणीत हवा संपत आलेली असते, एक खाणवाला आपली हवेची टाकी मुलांना देऊन टाकतो आणि मरतो, आणि ती म्हातारी त्याच्यासाठी चार शब्द बोलते. एवढंच. हिंदीवाल्यांनी त्या मढ्यासमोर आम्हाला विदूषक करून उभं केलं होतं.

त्या मालिकेच्या हिंदी चाहत्यांचा एक ग्रुप होता, मीही त्यात होते. तिथे रोज वाद चालायचे. पायलट कुठल्या वंशाची? कुणी म्हणे अरब, कुणी म्हणे दक्षिण अमेरिकेतली, कुणी म्हणे आपलीच, भारतीय. नव्या पर्वात तिचा रंग उजळ केला होता, त्यावर तर आठवडाभर जुंपली. मी तोवर नुसती वाचायचे. त्या दुपारी मी पहिल्यांदा लिहिलं. दोन्ही दृश्यं शेजारी शेजारी लावली आणि हिंदीत विचारलं, "पायलट भारतीय आहे का यावर तुम्ही इतके भांडता. ती भारतीय असेल तर तिची माणसंही भारतीय ना? मग पायलटला स्वच्छ भाषा आणि तिच्या आजीला ही अशी का?"

उत्तरं आली. एकानं लिहिलं, कार्टून आहे, कार्टूनसारखं बघा. दुसऱ्यानं लिहिलं, तुम्ही लोक अंतराळातही जातपात घेऊन जाता. तिसरा, जो ग्रुपमध्ये फार शहाणा समजला जायचा, त्यानं लिहिलं, "ये बोली है ही मज़ाकिया. सीरियस सीन में सूट नहीं करेगी." मी रागानं पायलटचं एक चित्र काढलं आणि ग्रुपवर लावलं. तोच पोशाख, तेच जहाज, पण चेहरा आईच्या लग्नाच्या फोटोतला, रंग तिचा, नाक तिचं. त्याखाली त्याच माणसानं लिहिलं, "पायलट नहीं, कामवाली बाई लग रही है."

मी चित्र हटवलं नाही. त्याच्या वाक्याखाली एवढंच लिहिलं, "तिला जहाज चालवता येतं. तुला नीट बघता येत नाही."

एक उत्तर मराठीतही आलं, पुण्याच्या एका बाईंचं. मी रागाच्या भरात एका ठिकाणी घरची भाषा लिहिली होती. बाईंनी माझ्या बाजूनंच बोलायला सुरुवात केली आणि शेवटी प्रेमानं सुचवलं की "मले" नव्हे, "मला". मराठीची बाजू मांडायची तर मराठी शुद्ध हवी. मी दुकानातल्या खुर्चीवर बसून मोठ्यानं हसले. हिंदीवाल्यांना आम्ही विनोदी वाटत होतो आणि मराठीवाल्यांना अशुद्ध. मी आज हे पुस्तकी मराठीत लिहिते आहे, कारण ती मी वाचून वाचून शिकले आणि ती माझीही आहे. पण ती येते म्हणून "मले" चुकीचं होत नाही.

माझी एक मैत्रीण भिलाईच्या सेक्टर दहामध्ये राहते. तिचे वडील पोलादाच्या प्लांटमध्ये होते, घर छत्तीसगढी, मूळ गाव धमधाच्या बाजूला. आम्ही कॉलेजपासून सोबत. मी तिच्याकडे गेले आणि तो सगळा वाद वाचून दाखवला. ती शांतपणे भजी तळत होती. म्हणाली, "भांडून काय होणार? तो सीन आपणच डब करू."

ठरलं आणि लगेच आमच्या दोघींचं भांडण सुरू झालं. मला वाटत होतं मुखिया मराठीत बोलेल, आमच्या घरच्या मराठीत. तिनं झारा खाली ठेवला.

"का म्हणून? त्यांनी टिंगल केली ती छत्तीसगढीची. 'काबर' आमचा शब्द आहे. खाणवाले म्हणजे इथल्या मातीतले लोक. तुम्ही तर रेल्वेत बसून आलात."

हे लागलं. खरं होतं म्हणून जास्तच लागलं. मी म्हणाले, "मी इथंच जन्मले. मला चिडवलं ते 'कावून'वरून."

"आणि मला 'काबर'वरून. शिक्षिकेनं. वर्गात उभं करून."

हे तिनं मला इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. भजी करपायला लागली तेव्हा तिनं गॅस बंद केला. मग आम्ही दोघींनी करपलेली भजी खात ठरवलं की पायलट छत्तीसगढीत बोलेल आणि मुखिया आमच्या मराठीत. कुणी कुणाचं भाषांतर करायचं नाही. भिलाईत काय वेगळं होतं? तिच्या मजल्यावर एका दारात तेलुगू, समोरच्या दारात मल्याळी, आणि सगळ्या बायका जिन्यात उभ्या राहून एकमेकींशी भांडतात, आणि एकीलाही भांडण समजलं नाही असं होत नाही.

पायलटचा आवाज मैत्रिणीचा. मुखियाला मात्र पिकलेला आवाज हवा होता. मी घरी येऊन आईला सांगितलं.

"मी? वेडी झाली का तू?" ती पालक निवडत होती. "माह्या बोलण्यावर लोक हासतात. मुद्दाम हासायले आणखी कशाले देऊ?"

बाबांनी पेपरातून डोकं काढलं. "बाहेर हिंदी बोलावं, घरी घरचं. त्यात काय वाईट आहे? उगा कायले तमाशा करून राहिली तू?"

"तमाशा त्यांनी केला आहे," मी म्हणाले आणि आईसमोर फोन धरला. आधी हिंदीतलं दृश्य दाखवलं. तिला ते आठवत होतं. मग मूळचं. इंग्रजी तिला कळत नव्हतं, मी एकेक वाक्य सांगत गेले. टाकी त्यानं कुणाला दिली ते सांगितलं. पालकाची जुडी तिच्या हातात तशीच राहिली.

"तो मेला?"

"हो."

"अन् हिच्यावर लोक हासत होते? मढ्यापाशी उभी आहे ती!" तिनं फोन माझ्या हातातून घेतला आणि पुन्हा पाहिलं. मग बाबांकडे वळून म्हणाली, "पाहा, कसं करून राहिले हे लोक." बाबांनी पेपर पुन्हा तोंडासमोर धरला. आई पुन्हा पालकाला लागली आणि थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता म्हणाली, "कधी जायचं आहे तुह्या मैत्रिणीकडे?"

आमच्या घरी रेकॉर्डिंग जमलं नसतं, यार्डात दिवसभर डबे आदळतात. म्हणून रविवारी दुपारी ऑटोनं सेक्टर दहाला गेलो. मैत्रिणीनं सामानाच्या खोलीत दोऱ्या बांधून रजया टांगल्या होत्या, आवाज घुमू नये म्हणून. आत इतकं उकडत होतं की आईनं पदरानं तोंड पुसत विचारलं, "खाण म्हणजे अशीच असन, नाही?"

मी तिला वाक्यं लिहून दिली होती. पहिलं वाक्य होतं, "त्यानं इतरांना श्वास घेता यावा म्हणून आपला प्राण दिला." आईनं ते दोनदा म्हटलं आणि थांबली.

"हे असं कोणी बोलते का वं? भाषण आहे हे."

"मग तू कसं म्हणशील?"

ती रजईकडे बघत राहिली. तिच्या मनात कोण आलं असेल ते मला ठाऊक नाही. तिचा एक भाऊ तरुणपणी गेला होता, त्याच्याबद्दल ती कधी बोलत नाही. मग ती म्हणाली, "त्याच्या वाटची हवा तो आपल्याले देऊन गेला. आता जो श्वास घेसान, तो त्याचा आहे. विसरजो नका."

मैत्रिणीनं रेकॉर्डिंग आधीच सुरू केलं होतं. तेच आम्ही ठेवलं. पुढे पायलट म्हातारीला, आता आपण काय करायचं म्हणून, विचारते, "अब हमन का करबो, दाई?" आणि म्हातारी म्हणते, "काय करसान? उठा. काम पडलं आहे." मूळ मालिकेत त्या जागी मोठं वाक्य होतं. आईचं लहान होतं आणि तोंडात बरोबर बसलं.

महिन्याभरानं रायपूरला त्या ग्रुपवाल्यांनी चाहत्यांचा मेळावा ठेवला. एका हॉटेलच्या छोट्या हॉलमध्ये पोशाख, चित्रं, आणि लोकांनी स्वतः केलेल्या क्लिपा. आम्ही आमची पाठवली आणि तिघी गेलो. दारातच आयोजकानं गाठलं. चांगला मुलगा होता, नम्र. म्हणाला, "दीदी, आपका वीडियो बहुत अच्छा है. कॉमेडी वाले राउंड में रखा है."

"कॉमेडी नाही ती," मी हिंदीत म्हणाले.

"पता है. पर लोग हँसेंगे ही ना. वहाँ रहेगा तो बुरा नहीं लगेगा."

"कुणाला वाईट वाटणार नाही? तुम्हाला की आम्हाला?"

तो गोंधळला. मी म्हणाले, कॉमेडीत लावायची असेल तर लावू नका, आम्ही आत्ता परत जातो, आणि का गेलो ते ग्रुपवर लिहितो. मैत्रीण शेजारी हाताची घडी घालून उभी होती. तिचं ते उभं राहणं माझ्या बोलण्यापेक्षा जास्त कामाला आलं असावं. त्यानं यादी खालीवर केली आणि आम्हाला गंभीर क्लिपांमध्ये सगळ्यात शेवटी टाकलं.

क्लिप सुरू झाली. मुखिया दगडावर चढली, आणि आईचा आवाज हॉलभर गेला. पहिल्या तीन शब्दांतच हशा पिकला. मागून कुणी तरी टुण्ण असा आवाज काढला. मी लॅपटॉपकडे धावले, थांबवायला. पण त्याआधी आई उभी राहिली होती.

आईनं माइक वगैरे घेतला नाही. यार्डाशेजारी संसार केलेल्या बाईला माइक लागत नाही.

"मेला आहे तो," ती म्हणाली. आमच्या मराठीत, जशी घरात बोलते तशी. "मढं आहे समोर. हासता कावून?"

हॉल गप्प झाला. अर्ध्या लोकांना शब्द कळले नसतील, पण कुणी तरी रागावलं आहे हे कळायला शब्द लागत नाहीत. आई बसली नाही. मला म्हणाली, "पहिल्यापासून लाव." मी लावलं. ती संपेपर्यंत उभीच होती, पडद्याकडे नाही, लोकांकडे बघत.

दुसऱ्यांदा कुणी हसलं नाही. त्यांना पटलं, की त्या उभ्या बाईची भीती वाटली, ते मी सांगू शकत नाही. भीती वाटली असेल तरी माझी काही तक्रार नाही. टाळ्या थोड्याच पडल्या. दोन-तीन जण उठून गेले.

बाहेर चहाच्या टेबलाशी तो शहाणा भेटला. कामवाली बाई म्हणणारा. मला त्यानं ओळखलं, आईकडे बघायचं टाळलं. वाद मात्र सोडला नाही. म्हणाला, तुमचं डबिंग मुळाला धरून नाही. मूळ इंग्रजी आहे, त्यात कुठली मराठी आणि कुठली छत्तीसगढी?

"मुळात ती म्हातारी सगळ्यांसारखी बोलते," मी म्हणाले. "तिला वेगळी कुणी केली? आम्ही केली का?"

"वो तो मार्केट के लिए था."

"मग आमचंही मार्केट आहे. बघा, तुमच्यासमोर उभं आहे."

मैत्रीण मध्ये पडली आणि छत्तीसगढीत त्याला विचारलं की तो कुठला. तो म्हणाला, राजनांदगाव, म्हणजे छत्तीसगढातलाच. "अउ घर में का बोलथव?" तिनं विचारलं. तो कप ठेवून निघून गेला. तो बदलला, पुढे आमच्या बाजूला आला, असं काही झालं नाही. ग्रुपवर तो अजूनही आमच्याविरुद्ध लिहितो, फक्त आता भाषेबद्दल लिहीत नाही, आवाजाच्या दर्जाबद्दल लिहितो.

क्लिप आम्ही नेटवर सगळ्यांसाठी टाकली. शिव्याही आल्या, हसणारी चित्रंही आली. पुण्याच्या बाईंनी "विसरजो नका" याखाली प्रश्नचिन्ह टाकलं. गोंदियाच्या एका मुलानं लिहिलं की हे ऐकून आजी टीव्हीजवळ येऊन बसली, आणि विचारते आहे ही बाई कोणत्या गावची. आईला ते वाचून दाखवलं तेव्हा तिनं गंभीरपणे सांगितलं, "लिही, चरोद्याची." नागपूरकडचं आपलं गाव तिनं सांगितलं नाही. मला त्याचं आश्चर्य वाटलं.

मालिकेचं नवीन पर्व आलं. हिंदीत खाणवाले अजून तसेच बोलतात, टुण्ण आवाज मात्र गेला आहे. तो आमच्यामुळे गेला असं मी म्हणत नाही. बाकी सगळं तिथंच आहे, म्हणून आम्हीही इथंच आहोत. या वेळी मैत्रिणीनं बजावलं, मुखिया छत्तीसगढीत बोलणार, तिच्या मावशीच्या आवाजात, आणि यावर चर्चा नाही. मी म्हणाले, ठीक आहे. न्यायच होता तो.

आईला सांगितलं तर ती कपडे घडी करता करता थांबली.

"अन् मी?"

"तू या वेळी नाही, आई. म्हातारी एकच आहे."

"पायलट कोण करून राहिलं?"

"पायलट विशीतली आहे."

"मंग?" ती म्हणाली. "जहाज काय वय पाहून चालते का? सांग तिले, मी येऊन राहिली म्हणून."